मोठी टेलि लेन्स आणि ऊन, थंडी, दमट हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिगवण, ताडोबा, कोकण, स्पीती असं फिरताना आणि नवीन पाचशे-सहाशे एमएमची लेन्स घेतलेल्या मित्रांशी बोलताना हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मोठी लेन्स म्हणजे इथे लांबचं जवळ दाखवणाऱ्या टेलि लेन्स, ४००, ५००, ६०० एमएमच्या प्राइम (झूम न होणाऱ्या) आणि १५०-६०० किंवा २००-५०० टाइपचे झूम. एक गोष्ट आधीच सांगतो, लेन्सला ४५ डिग्रीचा किंवा उणे १५ चा तितका त्रास होत नाही जितका एका हवेतून दुसऱ्या हवेत झटकन गेल्याचा होतो, आणि खालचे अर्धेअधिक प्रश्न फिरून तिथेच येतात.

नवीन लेन्सची फोकस रिंग इन्फिनिटीच्या (अगदी लांबच्या वस्तूंच्या फोकसच्या) पुढे जातेय, पीस डिफेक्टिव्ह आहे का?

नाही, मुद्दाम तशी बनवलेली असते. जुन्या ५० एमएम लेन्सला रिंग इन्फिनिटीवर येऊन टक्कन थांबायची, त्यामुळे ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांना हे बघून धस्स होतं, पण मोठ्या टेलिला तसं करून चालत नाही. आता हिशोब बघा. सहाशे एफ/४ ची बॉडी साधारण ४५ सेमी लांब, बॅरल अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम अलॉयचं, आणि तापमान ३० डिग्रीने वाढलं तर एवढ्या लांबीचं अॅल्युमिनियम साधारण ०.३ मिमी वाढतं. म्हणजे झेरॉक्सचे तीन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण एफ/४ ला सेन्सरपाशी जेवढी चूक खपते ती याच्याही निम्म्याखाली असते.

दुसरं म्हणजे आतल्या काचा. या लेन्समध्ये फ्लोराइट किंवा ईडी ग्लास असते, रंगांच्या जांभळ्या-हिरव्या कडा येऊ नयेत म्हणून. फ्लोराइट ही खरं तर काच नाहीच, तो कॅल्शियम फ्लोराइडचा क्रिस्टल आहे आणि तापल्यावर तो साध्या ऑप्टिकल काचेच्या अडीचपट प्रसरण पावतो, शिवाय प्रकाश वळवायची त्याची ताकदही तापल्यावर कमी होते. म्हणजे इन्फिनिटीचा पॉइंट थंडीत एके ठिकाणी, उन्हात दुसऱ्या ठिकाणी. कंपनीने रिंग एका जागी पक्की थांबवली असती तर एखाद्या हवामानात चंद्रावर फोकसच बसला नसता, म्हणून दोन्हीकडे थोडी मोकळी जागा ठेवतात. स्केलवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर म्हणूनच डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

पण ऑटोफोकस आहे ना, मग हे प्रसरण वगैरे आपल्याला कशाला हवंय?

मिररलेस असेल तर बऱ्यापैकी बरोबर आहे तुमचं, कारण तो थेट सेन्सरवरच फोकस बघतो, लेन्स वाढली काय आणि आखडली काय तो त्या क्षणाचा फोकस शोधतो. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, खाली असतो, त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी घरी बसून केलेलं, फोकसची बारीक चूक सुधारायचं मायक्रो अॅडजस्टमेंट मे महिन्यात चंद्रपूरला थोडं हललेलं सापडू शकतं. मी डीएसएलआर वापरायचो तेव्हा मोठ्या ट्रिपला पोचल्यावर पहिल्या दिवशी लेन्स तिथल्या हवेत तासभर ठेवून मगच एकदा चेक करायचो, दहा मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

आणि एक सवय सोडा, खंड्याच्या फांदीवर सकाळी सहाला मॅन्युअल फोकस लावून टेप चिकटवायचा आणि नऊपर्यंत तसाच ठेवायचा. तीन तासांत ऊन चढलेलं असतं. मधे मधे बघत जा.

कॅननच्या लेन्स पांढऱ्या का असतात? शो म्हणून?

शो नाही. कॅननने १९६९ मध्ये फ्लोराइट वापरलेली ३०० एमएम एफ/५.६ बाजारात आणली, आणि वर सांगितलं तसं फ्लोराइट तापमानाला फार हळवं, त्यामुळे पुढे मोठ्या टेलिंना पांढरा रंग आला, ऊन परतवायला. २०१८ मध्ये ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ च्या तिसऱ्या आवृत्त्या आल्या तेव्हा तर रंगच नव्याने बनवला होता, टायटॅनियम ऑक्साइड घालून, उष्णता अजून कमी शोषली जावी म्हणून. सोनीच्याही मोठ्या लेन्स पांढऱ्या आहेत. निकॉनच्या काळ्या, आणि त्याही जगभर उन्हातान्हात उत्तम चालतात, त्यामुळे काळी लेन्स घेतली म्हणून मन खट्टू करू नका, तिला सावली द्या इतकंच.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. लोक पांढरी लेन्स घेतात आणि तिला गडद हिरव्या-काळ्या छपाईचं कॅमो कव्हर घालतात आणि मे महिन्यात उघड्या जिप्सीत बसतात. या कव्हरचं निओप्रीन (रबरी कापड) जाड असतं त्यामुळे उष्णता आत जायला वेळ लागतो हे खरं, पण पृष्ठभाग भाजेल इतका तापतो आणि त्याच्यावरची हवा लहरायला लागते. वाघाला तुमच्या लेन्सच्या रंगाने काही फरक पडत नाही, समोर जिप्सी उभी असते आणि त्यात सहा माणसं असतात. उन्हाळ्यासाठी फिक्या, वाळूच्या रंगाचं कव्हर घ्या.

ताडोबात सकाळी फोटो टॅक शार्प येतात आणि दहानंतर सगळे सॉफ्ट, लेन्स तापून बिघडते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मी पैसे आणि वेळ घालवून शिकलोय. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या पाचशेचे दुपारचे सगळे फोटो असे आले की जणू कोणीतरी त्यावर तेल पुसलंय. वाघीण पाणवठ्यावर बसलेली, १५०-१६० मीटरवर, लेन्सखालची बीन बॅग (दाण्यांची उशी) पक्की, शटर १/१६००, आणि मिशांचा पत्ता नाही. परत आल्यावर लेन्स दुरुस्तीला दिली, तीन आठवडे गेले, थोडंफार अॅडजस्ट केलं म्हणून बिल लावलं, आणि पुढच्या ट्रिपला परत तेच. लेन्समध्ये काहीच नव्हतं. दोष मधल्या हवेत होता.

तापलेली जमीन वरच्या हवेला तापवते, ती हलकी होऊन वर जाते, थंड हवा खाली येते, आणि गरम-थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी दिसल्यासारखं वाटतं ना, तेच. साध्या डोळ्याला जे जेमतेम जाणवतं ते सहाशेमधून बारापट मोठं होऊन दिसतं, आणि वर १.४ किंवा २ पट मोठं दाखवणारा टेलिकन्व्हर्टर लावला तर ते लहरणंही तेवढंच वाढतं. म्हणून उन्हात लांबचा प्राणी कन्व्हर्टर लावून जवळ आणायचा प्रयत्न बहुतेक वेळा फुकट जातो.

लेन्सचा दोष आहे की हवेचा, हे ओळखायचं कसं?

ट्रायपॉड किंवा बीन बॅगवर लेन्स ठेवा, लांबच्या एखाद्या बारीक फांद्यांच्या झाडावर फोकस लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये पूर्ण झूम करून अर्धा मिनिट नुसतं बघत बसा. कडा हलतायत, फांदी मधेच जाड मधेच बारीक होतेय, वाहत्या पाण्याच्या तळातला गोटा दिसतो तशी दिसतेय, तर हवा. मग १५-२० फ्रेमचा बर्स्ट मारा, एखाद-दुसरी फ्रेम बरी आणि बाकीच्या वेगवेगळ्या प्रकारे बिघडलेल्या असतील तरीही हवाच. सगळ्या वीसच्या वीस फ्रेम सारख्याच सॉफ्ट असतील, आणि पहाटे १५ मीटरवरच्या गोष्टीलाही तसंच होत असेल, तेव्हा लेन्सकडे संशयाने बघा. दुरुस्तीला पाठवायच्या आधी ही टेस्ट प्लीज करा.

शटर स्पीड वाढवून हे जात नाही, १/४००० ने फक्त वेडंवाकडं झालेलं चित्र तसंच्या तसं गोठतं. उपाय एकच, मधली हवा कमी करा, म्हणजे जवळच्या विषयावर काम करा. तीस मीटरवरचा नीलपंख दुपारी दोनलाही चांगला येतो, दोनशे मीटरवरची अस्वल येणार नाही. शक्य असेल तर मधे तापलेला खडक, कोरड्या तलावाची चिखलाची भेगाळलेली जमीन, किंवा स्वतःच्याच जिप्सीचं बॉनेट येऊ देऊ नका. बॉनेटवरून शूट करणं ही तर फारच कॉमन चूक, इंजिन तापलेलं असतं आणि आपण बरोब्बर त्याच्यावरून नेम धरतो.

भिगवणला तर जानेवारीची पहाट होती, १०-११ डिग्री, तरी रोहित पक्षी लहरलेले आले. थंडीत कसली आली गरम हवा?

थंडीतही होतं, आणि का ते समजलं की मजा वाटते. उजनीचं पाणी रात्रभरात फारसं थंड होत नाही, हवा मात्र पहाटे एकदम उतरते, म्हणजे पाणी गरम आणि वर हवा गार. त्यामुळे पाण्याला लागून असलेला हवेचा थर सतत वर उसळत राहतो, वाफ दिसते तीही त्यामुळेच. आणि आपण होडीत बसून लेन्स पाण्याच्या जेमतेम फूटभर वर धरलेली असते, कारण लो अँगल हवा असतो, म्हणजे दोनशे मीटर प्रकाश नेमका त्याच उसळत्या थरातून येतो.

तिथल्या एका नावाड्याने मला हे माझ्या आधी ओळखून सांगितलं होतं, "सर, आत्ता नका काढू, पाण्यातनं वाफ निघतीय बघा, उन्हं जरा वर येऊ द्या." त्याला लेन्सचं काही माहीत नव्हतं पण त्याने रोज बघितलेलं. वारा सुटला आणि हवेला थोडी ऊब आली की अर्धा-पाऊण तास चांगला मिळतो, मग परत दुपारचं लहरणं सुरू. त्या आधीच्या वेळेत जवळचे शेकाटे, धोबी वगैरे घ्या, लांबचा थवा राहू द्या.

मी गाडीतून उतरल्या उतरल्या पहिले शंभर फोटो खराब येतात, मग आपोआप नीट होतं, हे काय?

ही तुमच्याच लेन्सने बनवलेली लहर आहे. हीटर लावलेल्या गाडीत लेन्स २५ डिग्रीला होती, बाहेर ८, आता समोरची मोठी काच आणि हूडच्या आतला काळा भाग उष्णता सोडतोय आणि ती गरम हवा हूडच्या नळकांड्यात अडकून घुटमळतेय, अगदी काचेसमोर. बाहेर कितीही स्वच्छ हवा असली तरी उपयोग नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं हूड काढून ठेवा, आतली हवा निघून जाते. त्याहून चांगलं म्हणजे गाडीत हीटर लावूच नका, मागच्या खिडक्या खाली ठेवा, तुम्ही स्वेटर घाला. मोठ्या दुर्बिणीवालेही हेच करतात, संध्याकाळी आधीच घुमट उघडून आरशाला बाहेरच्या हवेइतकं होऊ देतात.

एसी रूममधून बाहेर आलो की लेन्सला घाम फुटतो. ताडोबात मात्र तसं होत नाही. असं का?

बरोबर निरीक्षण. हवेत किती बाष्प आहे त्यावरून एक तापमान ठरतं, दवबिंदू, त्याच्यापेक्षा थंड वस्तू हवेत आली की तिच्यावर पाणी जमतं. बर्फाच्या पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला की बाहेरून ओला होतो तसंच. कोकणात जूनमध्ये हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास असतो, आणि तुमची लेन्स एसीत २० ला झोपलेली, म्हणजे पाणी जमणारच. ताडोबात ४४ डिग्री पण आर्द्रता १५ टक्के, तिथे दवबिंदू १२ च्या जवळपास येतो, २२ च्या खोलीतली लेन्स बाहेर काढली तरी कोरडी. म्हणजे गरमीचा नाही, बाष्पाचा खेळ आहे. चंद्रपूरला चालणारी सवय संगमेश्वरला चालत नाही ती यामुळे.

संगमेश्वरजवळ एकदा पहाटे असंच झालं, धनेशांची जोडी वडावर फळं खात होती, उजेड मऊ, सगळं जुळून आलेलं, आणि मी लेन्सची कॅप काढली तर बघता बघता काच कडेपासून मधे दुधाळ होत गेली, मग बारीक थेंब, मग ते थेंब खाली घरंगळून हूडच्या खाचेत जमले. पस्तीस मिनिटं पक्षी समोर आणि मी नुसता उभा. तेव्हापासून कोकणात आणि पावसाळ्यात लेन्स एसी खोलीत ठेवतच नाही, बाहेरच्या पडवीत, बॅगेत, कुलूप लावून. जागा नसेल तर निघायच्या दीड तास आधी एसी बंद करून खिडक्या उघडा.

प्लास्टिक पिशवीची युक्ती खरंच चालते?

चालते, फक्त क्रम चुकवू नका. लेन्स जिथे थंड आहे तिथेच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, मग गरम दमट जागी न्यायची. आतली हवा थंड जागेतली, तिच्यात बाष्प कमी, त्यामुळे लेन्स कोरडी राहते, पाणी पिशवीच्या बाहेरून जमतं. बाहेर आल्यावर पिशवीत घालून काही उपयोग नाही, दमट हवा आधीच आत आली. मोठी झिपलॉक मिळाली तर उत्तम, नाहीतर गादीच्या कव्हरची जाड पारदर्शक पिशवी आणि रबर. छोटी किट लेन्स १५-२० मिनिटांत हवेशी जुळते, तीन किलोच्या लेन्सला तास-दीड तास लागतो. हाताला पिशवीतून धातू गार लागतोय तोवर उघडू नका.

फॉग आला तर पुसू का? हेअर ड्रायर?

पुसू नका, थेंबांबरोबर धूळ असते आणि परत लगेच जमणारच आहे. हेअर ड्रायर अजिबात नाही, एकाच बाजूने काच तापते आणि आतल्या ग्रीस-चिकटपट्ट्यांचं वाटोळं होतं. तांदळाच्या डब्यातही नको, कोंडा आत जातो. सावलीत, हूड काढून, वाऱ्याला ठेवा आणि थांबा. आणि त्या वेळात लेन्स बॉडीवरून काढू नका, नाहीतर तेच दव सेन्सरवर.

लेन्स वेदर सील्ड आहे, तरी आतून धुकं कसं?

सील पाण्याचे थेंब आणि धूळ अडवतात, बाष्प नाही अडवत. त्यात तुमचा झूम लांब होणारा असेल, निकॉन २००-५०० सारखा, तर प्रत्येक वेळी झूम करताना तो भात्यासारखी हवा आत-बाहेर करतो. सोनी २००-६०० सारखे आतल्या आत झूम होणारे यात बरे. दमट रात्री मधली काच धुरकट दिसली तर घाबरू नका, कोरड्या खोलीत दोन दिवसांत जातं, पण तसंच बॅगेत कोंबून पंधरा दिवस विसरलात तर पुढचा प्रश्न तयार.

बुरशी?

आपल्याकडे मोठ्या लेन्सचा खरा शत्रू हाच. उष्ण, दमट, अंधारं, बंद बॅग म्हणजे बुरशीला घर बांधून दिल्यासारखं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६० च्या वर दिवसेंदिवस नको. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर लेन्सबरोबरच घ्या, नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायला एक स्वस्तातलं हायग्रोमीटर. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की परत तापवून कोरडं करा, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, वेगळं भांडं ठेवा. आणि पावसाळ्यात महिनाभर फोटोग्राफी नसली तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात ठेवा, वापरा, ती वापरात राहणं हे सगळ्यात चांगलं औषध.

उन्हात गाडीत लेन्स राहिली तर किती वाईट?

बरंच वाईट. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ७० च्या घरात जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये ० ते ४० लिहिलेलं असतं. एकदा राहिली म्हणून काच फुटत नाही, पण सारखं असं झालं की आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, जुन्या लेन्समध्ये दोन काचा चिकटवलेला थर सुटायला लागतो. नाइलाज असेल तर सीटच्या खाली पायाशी, पांढऱ्या कापडात गुंडाळून.

याहून मोठा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. जिप्सीत लेन्स मांडीवर आडवी, कॅप नाही, तोंड सूर्याकडे. सहाशे एफ/४ ची समोरची काच १५० मिमी, भर दुपारी त्यातून पंधरा वॅटच्या आसपास उष्णता गोळा होऊन आत साडेपाच मिमीच्या ठिपक्यात पडते. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर समजेल. शटरचे पडदे, सेन्सर काहीही जाऊ शकतं. दोन मिनिटं थांबायचं असलं तरी तोंड खाली किंवा कॅप.

ओला पंचा गुंडाळावा का?

ओला नको, कोरडा पांढरा सुती पंचा नक्की. ओल्याने थंड होतं हे खरं, कोरड्या हवेत चांगलंच होतं, पण पाणी स्विचच्या फटीत आणि माउंटपाशी उतरतं. पंचा लेन्सवर सैल टाका, मधून हवा खेळू द्या, आणि थांबल्यावर बीन बॅग आणि बॉडीही त्याच्याखाली.

स्पीतीला हिमबिबट्यासाठी चाललोय, उणे २० असेल, काय काळजी घेऊ?

किब्बर ४२०० मीटरच्या आसपास आहे, आधी स्वतःच्या तब्येतीची. लेन्स तिथे तुमच्यापेक्षा सुखात असते. बॅटऱ्या मात्र धापा टाकतात, दोन-तीन जास्तीच्या घ्या आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, संपलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर परत थोडी चालते. झूम रिंग जड फिरते, ग्रीस घट्ट होतं म्हणून, जोर लावू नका. समोरच्या काचेवर तोंडाने फुंकर मारून साफ करायची सवय असेल तर ती इथे मोडा, श्वास काचेवर गोठतो आणि मग तो निघत नाही. धातूला उघडा हात लावू नका.

आणि संध्याकाळी होमस्टेच्या बुखारीच्या (शेगडीच्या) खोलीत, जिथे चहाची वाफ आणि दहा माणसांचे श्वास आहेत, तिथे लेन्स उघडी आणायची नाही. बाहेरच बॅगेची चेन लावा, कार्ड आणि बॅटरी आधीच काढून घ्या, आणि बॅग थंड पडवीतच राहू द्या. रात्री आत-बाहेर, सकाळी परत आत-बाहेर असं जितक्या वेळा कराल तितक्या वेळा दव.

रात्रीच्या आकाशासाठी टेलि वापरतो, मध्यरात्रीनंतर तारे फुगतात.

तापमान उतरतंय, फोकस सरकतोय. संध्याकाळी लावलेला फोकस पहाटेपर्यंत टिकत नाही, लडाखमधल्या हानलेसारख्या ठिकाणी तर नाहीच. दोन-तीन डिग्री उतरले की परत फोकस करा, बाहतिनोव मास्क (लेन्सपुढे लावून फोकस अचूक जुळवायची खाचांची जाळी) असेल तर एका मिनिटाचं काम. आणि लेन्सच्या गळ्याला ड्यू हीटरचा पट्टा बांधा, अगदी मंद ठेवा, काच हवेपेक्षा एखाद-दोन डिग्री गरम राहिली तरी दव पडत नाही, जास्त तापवलं तर परत हूडमधली लहर.

सेकंडहँड मोठी लेन्स घेताना उन्हा-दमट हवेच्या खुणा कुठे बघू?

मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, कडेला इंद्रधनुष्यी डाग किंवा पांढरट चंद्रकोर दिसली तर चिकटवलेल्या काचा सुटतायत. पात्यांवर तेलकट चमक आहे का ते बघा. रबर फुगून सैल झालंय का ते हाताने फिरवून बघा. आणि विकणाऱ्याला विचारा की पावसाळ्यात कुठे ठेवायचा, "कपाटात, बॅगेतच असते" असं उत्तर आलं तर टॉर्च दुसऱ्यांदा मारा.